दाताची कीड

'दाताला कीड लागली' असे आपण सहज म्हणतो. धान्यात सोंडे पडतात तसा एखादा किडा दात पोखरत असावा, अशी समजूत या शब्दामुळेच रूढ झाली असेल. आमच्या घरातील वडीलधारी मंडळी आजही तसेच मानतात. वास्तविक दातात असा किडा नसतो. मग दात किडतो म्हणजे नेमके काय होते?

बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी १८९० साली या प्रश्नाचे उत्तर मांडले. दातांवर जो चिकट थर साचतो त्यात असंख्य सूक्ष्म जंतूंची वस्ती असते. आपण खाल्लेल्या साखरेवर हे जंतू जगतात आणि तिचे आम्ल बनवतात. त्या आम्लात दातावरील एनॅमलच्या कठीण कवचातील क्षार विरघळू लागतात. सुदैवाने आपली लाळ हे आम्ल सौम्य करते व गेलेले क्षार काही अंशी परत देते. मात्र या कामाला तिला साधारणपणे अर्धा ते एक तास लागतो.

खरी मेख इथेच आहे. साखर किती खाल्ली याइतकेच ती किती वेळा खाल्ली यालाही महत्त्व आहे. कँटीनमध्ये दर तासाला गोड चहा घेणाऱ्याच्या लाळेला उसंतच मिळत नाही.

ही गोष्ट सिद्ध झाली ती स्वीडनमधील लुंड शहराजवळच्या व्हिपेहोल्म या संस्थेत. तेथे बौद्धिक अपंगत्व असलेले रुग्ण राहत. १९४७ ते १९५१ या काळात त्यांतील काहींना जेवणाबरोबर साखर देण्यात आली, तर काहींना जेवणांच्या मधल्या वेळी चिकट टॉफ्या, एका गटाला तर दिवसाला २४ पर्यंत! जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांचे दात फारसे किडले नाहीत. टॉफ्या खाणाऱ्यांचे मात्र झपाट्याने किडले. त्या रुग्णांची संमती कोणी घेतली नव्हती. आपल्याला आज आयते मिळालेले हे ज्ञान त्यांच्या दातांच्या मोलाने आले आहे, हे विसरता कामा नये. पुढे स्वीडनमध्ये मुलांना फक्त शनिवारी खाऊ देण्याची प्रथा पडली, तिचे मूळही याच प्रयोगांत आहे.

आपल्याकडे गूळ निरुपद्रवी मानतात; पण जंतूंना गूळ आणि साखर दोन्ही सारखेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ सालच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने अशी साखर दिवसाला सुमारे ५० ग्रॅमच्या आत ठेवावी; २५ ग्रॅमच्या आत राहिल्यास अधिक चांगले.

तेव्हा मित्रांनो, गोड खायचेच तर जेवणाबरोबर खावे, नंतर चूळ भरावी. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून रात्री फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासल्यावर काही खाऊ नये. यासाठी पैसा लागत नाही. दाढ ठणकू लागल्यावर मात्र लागतो, आणि तो प्रत्येकाच्या घरी असतोच असे नाही.