परकीय शस्त्राचे संरक्षण आणि राज्याचे स्वातंत्र्य : सातारा व सांगली

परकीय सैन्याच्या हस्तक्षेपाचा विचार बहुधा हस्तक्षेप करणाऱ्या सत्तेच्या बाजूने केला जातो. ज्याच्या संरक्षणार्थ ते सैन्य येते, त्याने सुरक्षिततेसाठी किती स्वातंत्र्य सोडावे, हा प्रश्न त्याहून बिकट होय. सातारा व सांगली या संस्थानांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

या प्रकरणाचे मूळ वसईच्या तहात आढळते. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला, तेव्हा दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांचे साहाय्य मागितले. ३१ डिसेंबरच्या तहाने त्यास सहा हजारांची तैनाती फौज मिळाली. मोबदल्यात २६ लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख गेलाच. शिवाय अन्य सत्तांशी स्वतंत्रपणे बोलणी करण्याचा अधिकारही गेला. गादी परत मिळाली खरी, परंतु सोळा वर्षांच्या आत पेशवाई संपुष्टात आली.

१८१८ मध्ये कंपनीने छत्रपती प्रतापसिंहांस साताऱ्याच्या गादीवर बसविले. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने राज्य त्यांना व त्यांच्या वारसांना कायमचे देण्यात आले आणि संरक्षणाचा भार कंपनीने उचलला. ही सुरक्षितता केवळ नावाची नव्हती. लढायांची धामधूम थांबली. प्रतापसिंहांनी साताऱ्याहून महाबळेश्वरपर्यंत रस्ता बांधविला. मात्र त्याच तहान्वये संमतीवाचून फौज वाढविण्याची वा घटविण्याची आणि बाहेरील सत्ता व सरदारांशी संबंध ठेवण्याची त्यांना मनाई होती.

पुढे याच अटीच्या भंगाचा ठपका त्यांच्यावर आला. गोव्याचे पोर्तुगीज व नागपूरचे पदच्युत आप्पासाहेब भोसले यांच्याशी संधान बांधल्याचा हा आरोप होता. आरोप करणारी कंपनी, चौकशी करणारे तिचेच अधिकारी आणि निर्णय देणारीही तीच. दोष मान्य करून सही केल्यास गादी राहील, असे सुचविण्यात आले. प्रतापसिंहांनी ते नाकारले. सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीस पाठविण्यात आले. त्यांचे बंधू व उत्तराधिकारी शहाजी १८४८ मध्ये वारले, तेव्हा त्यांचे दत्तकविधान अमान्य करून राज्य खालसा झाले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचा विरोध होता. परंतु डलहौसीचे मत मान्य झाले.

सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांशीही कंपनीचा तह १८१९ मध्येच झाला. १८५१ मध्ये त्यांच्या मागे पुत्र असल्याने दत्तकाचा प्रश्न उद्भवला नाही. १९०१ मध्ये मात्र तो उद्भवला. तथापि १८५७ च्या उठावानंतर ब्रिटिश सरकारने दत्तकाचा हक्क मान्य केला होता. म्हणून संस्थान टिकले व ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. सातारा बुडाले आणि सांगली तरली, याचे कारण तहाच्या शब्दांत शोधणे व्यर्थ आहे. मध्यंतरी संरक्षकाचे धोरण बदलले होते, एवढेच.

यावरून असे दिसते की, मुलूख किंवा खंडणी किती द्यावी हा अशा करारातील गौण प्रश्न होय. धोका कोणता हे कोणी ठरवावे, आलेले सैन्य परत पाठविण्याचा अधिकार कोणाकडे असावा आणि मतभेद झाल्यास न्याय कोणी द्यावा, हे तीन प्रश्न मुख्य आहेत. तिन्हींचे उत्तर ‘संरक्षक’ हेच असेल, तर लाभलेली सुरक्षितता ही त्याच्या मर्जीची मुदत ठरते.