जवानावर एकतर्फी हुकूमनामा झाला तर

सभासद बंधूंनो, आपली कितीतरी पोरं लष्करात आहेत. पोरगा सीमेवर, उसनवारीच्या दाव्याचं समन्स घरी येतं, कोर्टात कोणी जात नाही आणि एकतर्फी हुकूमनामा होतो. तरी घाबरू नये. जवानाचं समन्स कोर्टानं त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडे पाठवायचं असतं. ते रीतसर बजावलं नसेल, तर हुकूमनामा कळल्यापासून ३० दिवसांत, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९, नियम १३ प्रमाणे, तो रद्द करण्याचा अर्ज करावा. युद्ध वा विशेष परिस्थितीत सेवेत असल्यास १९२५ च्या सैनिकांच्या दाव्यांविषयीच्या कायद्याखाली ९० दिवस मिळतात. रजा मिळत नसेल, तर वरिष्ठांसमोर सही केलेलं अधिकारपत्र वडिलांच्या नावे देता येतं. जवानाच्या पगारावर जप्ती येत नाही. जमिनीवर मात्र येऊ शकते. म्हणून आम्ही सांगतो, कोर्टाचा कागद फडताळात ठेवू नका. तारीख टिपून लगेच वकील गाठा.