षटकारांचा राजा जॉश गिब्सन

चेंडू थेट सीमारेषेपलीकडे गेला की आपण काय ओरडतो? "सिक्सर!" अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये चेंडू असा मैदानाबाहेर गेला की त्याला 'होम रन' म्हणतात. मग फलंदाजाने चारही टप्प्यांना पाय लावत आरामात घरी परतायचं. जॉश गिब्सनने असे होम रन किती मारले, याचा नक्की आकडा मात्र कुणालाच सांगता येत नाही. का, ते पुढे कळेलच.

जॉशचा जन्म २१ डिसेंबर १९११ चा, जॉर्जिया राज्यातला. वडील पोटापाण्यासाठी पिट्सबर्गला पोलादाच्या कारखान्यात लागले आणि मागोमाग सगळं कुटुंब तिकडे गेलं. जॉश शाळेत विजेचं काम शिकला, पण लक्ष सगळं मैदानात! १९३० मध्ये, एकोणीस वर्षंही पुरी झाली नव्हती तेव्हा, तो 'होमस्टेड ग्रेज' या नामांकित संघात आला. काम 'कॅचर'चं, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखं. तासन्‌तास उकिडवं बसून चेंडू झेलायचे (तुम्ही दहा मिनिटं बसून बघा!) आणि पाळी आली की बॅट घेऊन तुटून पडायचं. त्याच वर्षी त्याची पत्नी हेलन जुळ्या बाळांना जन्म देऊन वारली. बाळं आजोळी वाढली, जॉश खेळत राहिला.

एवढा खेळाडू मोठ्या लीगमध्ये का नव्हता? कारण एकच, तो काळा होता. नियमांच्या पुस्तकात तसं लिहिलेलं नव्हतं, पण गोरे संघमालक काळ्यांना घेतच नसत. म्हणून काळ्या खेळाडूंचे संघ वेगळे, १९२० पासून लीगही वेगळी. बसने गावोगाव हिंडायचं, कधी एका दिवसात दोन-दोन सामने. अनेक हॉटेलांत त्यांना जागा मिळत नसे, मग बसमध्येच झोपायचं. गंमत बघा, वॉशिंग्टनच्या गोऱ्या संघाचं मैदान ग्रेजना भाड्याने मिळे. पैसे चालत, माणसं नाही!

लोक जॉशला 'काळा बेब रूथ' म्हणत. काहीजण उलट म्हणायचे, बेब रूथच 'गोरा जॉश गिब्सन' आहे. मला हे दुसरं जास्त पटतं.

१९४३ मध्ये त्याच्या मेंदूत गाठ निघाली. तरी तो खेळतच होता. २० जानेवारी १९४७ रोजी, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, तो गेला. पुरते तीन महिनेही झाले नव्हते, तोच १५ एप्रिलला जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू ब्रुकलिन डॉजर्सकडून मोठ्या लीगमध्ये उतरला.

१९७२ मध्ये जॉशचं नाव बेसबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये लागलं. त्याच्या कबरीवर मात्र १९७५ पर्यंत साधा नावाचा दगडही नव्हता.

मे २०२४ मध्ये काळ्यांच्या लीगचे आकडे मोठ्या लीगच्या नोंदींत धरले गेले. तेव्हा जॉशची सरासरी निघाली .३७२. म्हणजे हजार वेळा बॅट घेतली तर ३७२ यशस्वी फटके. बेसबॉलमध्ये हजारात तीनशे जमले तरी फलंदाज मोठा मानतात! टाय कॉबचा .३६७ चा जुना विक्रम मागे पडला.

आणि होम रन? हॉल ऑफ फेममधल्या पाटीवर 'जवळजवळ आठशे' असं लिहिलंय, पण लीगच्या नोंदींत दोनशेसुद्धा भरत नाहीत. बाकीचे गावोगावच्या मैदानांवर मारलेले. तिथे वही घेऊन कोण बसलं होतं?