पोंभुर्ण्याच्या अ‍ॅनिमेशन विद्यार्थ्यासाठी शिदोरी

तंत्र : दादासाहेब फाळके यांचा ‘आगकाड्यांची मौज’ (१९१५). काडी किंचित सरकवायची, एक फ्रेम टिपायची, पुन्हा सरकवायची. हाच स्टॉप-मोशन. आज मोबाइल, स्टँड आणि स्थिर उजेड एवढ्यावर सराव होतो.

हिशेब : पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम ठेवले, तर सेकंदाला १२ चित्रे. दहा सेकंदांना १२०.

पात्र : ‘द बॅनियन डिअर’ (१९५७). मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये डिस्नेच्या क्लेअर वीक्स यांनी भारतीय चित्रकारांना शिकवून घडवलेली जातककथा. वीक्स यांनी आधी ‘बँबी’च्या हरणावरही काम केले होते. ताडोब्याच्या चितळांची चाल वहीत उतरवणाऱ्याने दोन्ही हरणे पाहावीत.

प्रदर्शन : मुंबईतील राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालय (२०१९), कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाच्या चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या.

घराजवळ : झाडीपट्टीची नाटके. दिवाळीनंतर गावोगावी रात्रभर रंगतात. शेवटच्या रांगेलाही कळावा असा ठसठशीत अभिनय, विनोदी नटाची लकब आणि चाल यांची झटपट रेखाटने करावीत. पात्ररचनेचा हा उत्तम वर्ग.