धनुष्कोडीच्या शाळेचे छायाचित्र

काशी-रामेश्वराची यात्रा करून आलेल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून धनुष्कोडीचे नाव आपण ऐकले असेल. सेतूवर स्नान करावयाचे आणि तेथील वाळू प्रयागास नेऊन गंगेत सोडावयाची, ही यात्रेकरूंची जुनी प्रथा. रामेश्वर बेटाच्या आग्नेय टोकास वाळूची एक अरुंद पट्टी दूरवर समुद्रात शिरली आहे. तिच्या एका अंगास बंगालचा उपसागर, दुसऱ्या अंगास मन्नारचे आखात. या पट्टीवर एके काळी नांदते गाव होते. त्या गावात शाळा होती, आणि तिच्या पडक्या भिंती आजही तेथे आहेत.

१९१४ साली पांबनचा पूल झाला, तेव्हापासून या गावाला विशेष महत्त्व आले. मद्रासकडून येणारा उतारू येथे आगगाडीतून उतरे आणि आगबोटीत बसून सिलोनातील तलैमन्नारला जाई. स्थानक, टपाल कचेरी, जकात कचेरी, चर्च हा सारा संसार त्या वाहतुकीभोवती उभा राहिला. १९६४ सालच्या डिसेंबरात, २२ तारखेच्या रात्री, चक्रीवादळाने समुद्र गावात आणला. पांबनहून निघालेली उतारूंची गाडी लाटांनी प्रवाशांसह गिळली. पांबनचा पूल दीड-दोन महिन्यांतच दुरुस्त झाला. धनुष्कोडीचा लोहमार्ग मात्र गेला तो गेलाच. सरकारने ती जागा वस्तीस अयोग्य ठरविली.

२०१७ साली टोकापर्यंत पक्की सडक झाली आणि प्रवाशांची रीघ लागली. प्रत्येकाजवळ आता कॅमेरा असतोच. आपणही तेथे जाल तेव्हा, वाचकहो, शाळेपाशी थोडा अधिक वेळ थांबावे. 'भुतांचे गाव' म्हणून या स्थळाची जी ख्याती झाली आहे, ती आम्हांला मुळीच रुचत नाही. कोळ्यांची कुटुंबे त्या वाळूवर झोपड्या बांधून राहतात, जाळी ओढतात, मुले वाढवितात. त्यांना वगळून काढलेले चित्र कितीही भयाण उतरले तरी ते अपुरेच होय.

छायाचित्र सकाळी घ्यावे. कलत्या उन्हात भिंतीतील प्रत्येक दगड उठून दिसतो. धनुष्कोडीच्या पडक्या वास्तूंत प्रवाळाचे दगड वापरलेले आढळतात. त्यांची छिद्रे दुपारच्या उन्हात पार बुजून जातात. भोवतालची पांढरी वाळू फार चकाकते, त्यामुळे यंत्र फसते आणि भिंती काळ्या येतात. म्हणून प्रकाश थोडा वाढवून घ्यावा. कॅमेरा वर कलंडू न देता सरळ धरावा, म्हणजे उभ्या भिंती तिरप्या दिसणार नाहीत. वाऱ्याबरोबर खारा तुषार येतो, तेव्हा भिंगासाठी मऊ फडके जवळ असू द्यावे. खिडकीच्या रिकाम्या भोकातून समुद्र दिसत असेल तर तो अवश्य घ्यावा. वर्ग आणि लाट यांत किती थोडे अंतर होते, ते पाहणाऱ्यास शब्दांवाचून कळेल.

भिंतीवर चढून उभे राहण्याचा मोह मात्र आवरावा. खारे पाणी दगडांत आणि चुन्यात मुरते, वाळताना मिठाचे स्फटिक फुगतात, आणि आतल्या आत भिंत भुगा होत जाते. बाहेरून धड दिसणारा कोपरा पायाखाली ढासळू शकतो. आठवण म्हणून दगड उचलून आणणारी मंडळीही थोडी नाहीत. त्यांनी नेलेला दगड घरी कपाटात धूळ खातो आणि तिकडे भिंतीत एक भोक पडते.

एकाच जागेवरून, एकाच दिशेने, काही वर्षांच्या अंतराने घेतलेली दोन छायाचित्रे शेजारी ठेवली तर भिंत किती झिजली हे मोजता येते. यासाठी चित्रात एखादी काठी किंवा छत्री उभी ठेवावी आणि मागे तारीख व दिशा लिहावी. कोळ्यांच्या मुलांचे चित्र काढावयाचे असल्यास आधी त्यांच्या आईबापांस विचारावे, आणि पत्ता मिळाल्यास एक प्रत पाठवावी. अंधार पडण्यापूर्वी रामेश्वरास परत फिरावे.