पुरुषाची औषधे आणि अपत्यप्राप्ती

राजगडाच्या पायथ्याचे गुंजवणे असो की भोर-वेल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातील दुसरे एखादे गाव असो, लग्नाला तीन-चार वर्षे होऊनही पाळणा हलला नाही की चौकशीचा रोख प्रथम सुनेकडे वळतो. नवससायास, अंगारे-धुपारे, शहरातील दवाखान्याच्या फेऱ्या हे सारे तिच्या वाट्याला येते. पुरुषाची तपासणी बहुधा सर्वांत शेवटी होते आणि काही घरांत तर ती होण्यापूर्वीच दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू होतात. वस्तुतः अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये पुरुषाकडील कारणाचा कमी-अधिक वाटा असतो. त्यांतील एका कारणाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ते म्हणजे पुरुष घेत असलेली औषधे.

वृषणामध्ये शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे ७२ ते ७४ दिवस लागतात आणि ते पक्व होऊन बाहेर येण्यास आणखी काही दिवस जातात. त्यामुळे औषधाचा परिणाम पूर्णपणे दिसण्यास आणि औषध थांबल्यावर तो ओसरण्यासही साधारणतः तीन महिन्यांचा काळ लागतो. चार दिवस घेतलेल्या तापाच्या गोळीला मात्र उगाच दोष देऊ नये. शुक्रजंतूंची संख्या काही काळ घटते ती पुष्कळदा त्या तीव्र तापामुळेच.

सर्वांत विपरीत प्रकार टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचा आहे. अंगात ताकद यावी, दंड भरावेत, पौरुष वाढावे म्हणून काही तरुण व्यायामशाळेतील ओळखीने त्याची किंवा त्याच जातीच्या स्टिरॉइडची इंजेक्शने घेतात. शरीर पिळदार दिसू लागते. परंतु रक्तात हे संप्रेरक बाहेरून मुबलक आले की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी वृषणांना काम करण्याचा आदेश देणे थांबवते. वृषणे आक्रसतात आणि शुक्रजंतूंची निर्मिती मंदावते किंवा पूर्णपणे बंद पडते. हा परिणाम इतका खात्रीचा आहे की, जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठीचे संततिप्रतिबंधक म्हणून टेस्टोस्टेरॉनच्या साप्ताहिक इंजेक्शनांची चाचणी घेतली आणि तिचे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. मूल व्हावे म्हणून ‘शक्तीचे’ इंजेक्शन घेणारा मनुष्य अशा रीतीने नकळत कुटुंबनियोजनच करीत असतो! इंजेक्शने थांबविल्यावर बहुतेकांची स्थिती सहा महिने ते दोन वर्षांत सुधारते; दीर्घकाळ व मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांची मात्र नेहमीच सुधारते असे नाही.

मोठ्या आतड्याच्या व्रणांवर आणि संधिवातावर दिले जाणारे सल्फासॅलॅझिन शुक्रजंतूंची संख्या व हालचाल कमी करते, हे १९७९ पासून ज्ञात आहे. औषध बदलल्यावर हा दोष दोन-तीन महिन्यांत दूर होतो आणि आतड्याच्या रोगासाठी पर्यायी औषधही उपलब्ध आहे. बुरशीजन्य रोगांवरील किटोकोनॅझोलच्या गोळ्या आणि स्पायरोनोलॅक्टोन हे औषध पुरुषी संप्रेरकाच्या कार्यात अडथळा आणतात. केसगळतीवरील फिनॅस्टेराइडमुळे काहींची शुक्रजंतूसंख्या घटते. प्रोस्टेटच्या त्रासावरील टॅम्सुलोसिनमुळे वीर्य बाहेर न येता मूत्राशयाकडे जाऊ शकते.

आपल्या राज्याच्या दृष्टीने सिकलसेलचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. विदर्भात व नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत हा आनुवंशिक रोग मोठ्या प्रमाणावर आढळतो. आदिवासींमधील या रोगावर पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी केलेल्या कार्याबद्दल त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री देण्यात आली. यावरील हायड्रॉक्सियुरिया हे औषध असह्य वेदनांचे झटके कमी करते व आयुष्य वाढवते. पण ते शुक्रजंतूंची संख्याही घटविते. औषध थांबविल्यावर ती पुष्कळांत सुधारते, सर्वांत नव्हे. म्हणून तरुण रुग्णाला उपचारापूर्वीच ही माहिती मिळणे हा त्याचा हक्क मानला पाहिजे. कर्करोगावरील औषधांच्या बाबतीत तर याहून अधिक निकड असते, कारण त्यांतील काहींनी कायमचे वंध्यत्व येऊ शकते. उपचार सुरू होण्यापूर्वी वीर्य गोठवून ठेवण्याची सोय मोठ्या शहरांतील वीर्यपेढ्यांत आहे. या पेढ्यांचे नियमन २०२१ च्या केंद्रीय कायद्यानुसार होते.

येथे एक इशारा आवश्यक आहे. हे वाचून कोणी अपस्माराची, रक्तदाबाची किंवा सिकलसेलची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. तिच्या अभावी ओढवणारे संकट जिवावरचे असू शकते. औषध बदलावयाचे की मात्रा कमी करावयाची, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. मात्र त्यासाठी रुग्णाने ‘आम्हांला मूल हवे आहे’ हे त्यांना सांगितले पाहिजे. संकोचामुळे नेमके हेच सांगितले जात नाही.

गावात अशा जोडप्याची गोष्ट कानावर आली तर सरपंच, शिक्षक किंवा आरोग्यसेवक यांनी दोघांनाही एकत्र प्राथमिक आरोग्य केंद्रात जाण्यास सांगावे. पुरुषाने गेल्या सहा महिन्यांत घेतलेल्या सर्व गोळ्यांची वेष्टने, व्यायामशाळेतील इंजेक्शनांच्या कुप्या व वैदूकडील पुड्यासुद्धा पिशवीत घालून सोबत न्याव्यात. वीर्यतपासणी स्वस्त आणि वेदनारहित असते. तिच्यापूर्वी दोन ते सात दिवस शरीरसंबंध टाळावा लागतो. पहिल्या तपासणीत दोष आढळल्यास ती पुन्हा करून घ्यावी लागते आणि डॉक्टरांनी औषध बदलले असेल तर सुमारे तीन महिन्यांनी आणखी एकदा.