गुडघ्याच्या विकारांचे रुग्णनिवेदित मापन : ‘कूस’ प्रश्नावलीची रचना व मर्यादा

प्रस्तावना :
गुडघ्याच्या अस्थिसंधिवातात क्ष-किरण चित्रात दिसणारी झीज आणि रुग्णाला होणारा त्रास यांचा मेळ अनेकदा बसत नाही. झीज अधिक असूनही एखादी व्यक्ती सहज चालते, तर अल्प झीज असलेल्या व्यक्तीस जिना चढणे कठीण जाते. वेदना ही व्यक्तिनिष्ठ असल्याने तिच्या मापनासाठी रुग्णाचे निवेदनच आधारभूत मानावे लागते.

रचना व गुणांकन :
स्वीडनमधील एवा रूस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘कूस’ ही प्रश्नावली याच हेतूने तयार झाली. अस्थिसंधिवातासाठी आधीपासून प्रचलित असलेल्या ‘वोमॅक’ प्रश्नावलीतील २४ प्रश्न तिच्यात समाविष्ट आहेत. एकूण ४२ प्रश्नांची विभागणी पाच उपश्रेणींत केली आहे : वेदना (९), इतर लक्षणे (७), दैनंदिन कार्ये (१७), खेळ व मनोरंजन (५) आणि गुडघ्याशी निगडित जीवनमान (४). प्रत्येक उत्तरास ० ते ४ गुण दिले जातात. उपश्रेणीतील गुणांची सरासरी काढून तिला २५ ने गुणतात व येणारी संख्या १०० मधून वजा करतात. उदाहरणार्थ, वेदनेच्या ९ उत्तरांची बेरीज १८ आल्यास सरासरी २ व गुणांक ५० येतो. १०० म्हणजे कोणताही त्रास नाही, तर ० म्हणजे कमाल त्रास. पाचही गुणांक स्वतंत्रपणे मांडले जातात. कारण वेदना कमी होऊनही खेळण्याची क्षमता परतलेली नसते, ही बाब एकाच बेरजेत झाकली जाते.

सांस्कृतिक मर्यादा :
या प्रश्नावलीत उकिडवे बसणे व गुडघे टेकणे या क्रिया ‘खेळ व मनोरंजन’ या उपश्रेणीत येतात, तर पायमोजे घालणे व मोटारीत चढणे-उतरणे ही दैनंदिन कार्ये मानली आहेत. महाराष्ट्रातील ग्रामीण स्त्रीच्या बाबतीत हा क्रम उलटा ठरू शकतो. भारतीय पद्धतीचे शौचालय, शेतातील खुरपणी, जमिनीवर मांडी घालून जेवणे या तिच्या नित्याच्या गरजा होत. त्यांत अडचण येत असूनही तिचा दैनंदिन कार्यांचा गुणांक चांगला येण्याची शक्यता राहते.

समारोप :
तात्पर्य, अशा साधनाचे भाषांतर म्हणजे केवळ शब्दांतर नव्हे. स्थानिक रुग्णांच्या मुलाखती घेऊन प्रश्नांची समर्पकता व विश्वसनीयता पुन्हा तपासली पाहिजे. अन्यथा रुग्णाचे म्हणणे ऐकण्यासाठी निर्माण झालेले साधनच त्याची मुख्य तक्रार नोंदविण्यास अपुरे पडेल.